दोन गाड्या आणि केसरीनाथाचा कान

कोन गावचा केसरीनाथ भोईर दिसायला चारचौघांसारखा होता. उंची बेताची, रंग सावळा, नाकडोळे असावेत तसे. पण कान! त्या कानाची कीर्ती कल्याण नाक्यापासून वाडा रस्त्यापर्यंत पसरलेली होती.

केसरीनाथ भिवंडीत यंत्रमागाच्या एका कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. चोवीस माग एकदम खटाखट चालू असताना हा बाबा दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, सातव्या मागाचा धोटा उशिरा सुटतोय, चौदाव्याचा पट्टा ढिला झालाय. जाऊन पाहावं तर तसंच असायचं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की या माणसाशी मागाचंच नाही, कुठल्याही यंत्राचं पोट बोलतं. मग कुणी जुनी मोटरसायकल घेणार असला, कुणी टेम्पो, कुणी पिठाच्या गिरणीची मोटर, की आधी कोनला निरोप जायचा. केसरीनाथ यायचा, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाला टेकवायचा आणि निकाल द्यायचा. फी म्हणून एक चहा आणि एक पान. त्याने 'घ्या' म्हटलेली यंत्रं वर्षानुवर्षं चालली आणि 'नको' म्हटलेली ज्यांनी हट्टाने घेतली, ते नंतर त्याला पाहून रस्ता बदलायचे.

सुधीर लेले मास्तरांशी त्याची मैत्री याच कानाने जमवली. एकसष्ट सालची गोष्ट. मास्तर नुकते शाळेत लागले होते आणि सायकलवरून कल्याणच्या रस्त्याने निघाले होते. मागून विशीतला एक पोरगा सायकल मारत आला आणि ओळखदेख नसताना म्हणाला, "दादा, उतरा. मागच्या चाकातला छर्रा फुटलाय." मास्तर गणित शिकवणारे, पुराव्याशिवाय विश्वास ठेवतील तर शपथ. त्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला चाक खोलायला लावलं. छर्रा फुटलेला होता. एक नव्हे, दोन. "दुसरा कसा रे सुटला तुझ्या कानातून?" मास्तरांनी विचारलं. "दोन येकाच टायमाला वाजत व्हते," पोरगा म्हणाला. इथून जी दोस्ती जमली ती तीस वर्षं टिकली. मास्तर ब्राह्मण आळीतले, केसरीनाथ खाडीकाठचा आगरी. एकाच्या घरी कांद्यालाही वर्षातून चार महिने बंदी, दुसऱ्याच्या घरी खाडीतल्या निवट्यांच्या कालवणाशिवाय भात खाली उतरत नाही. पण रविवारी सकाळी केसरीनाथ मास्तरांच्या ओटीवर नसला, तर शेजारीपाजारी विचारायचे, "आज कोनचे पाहुणे नाहीत का?"

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण ती लपवणाऱ्याने फार दिवस लपवली. ब्याण्णव साल उजाडलं तेव्हा केसरीनाथाचा कान गेलेला होता.

एकदम नाही गेला. तीस वर्षं मागांच्या गदारोळात काढल्यावर कुणाचा राहतो? आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग चिमण्या गेल्या, मग बायकोच्या बांगड्या. कारखान्यात कळायचा प्रश्नच नव्हता, तिथे सगळेच ओठ वाचून आणि हातवारे करून बोलतात. मागाचा बिघाड तो आता हात ठेवून थरथरीवरून ओळखायचा. घराबाहेर तो लोकांच्या तोंडाकडे बघायचा आणि मान डोलवायचा. मान डोलवणाऱ्या माणसाला जग शहाणा समजतं, हे त्याला या वयात कळलं. इंजिन तपासताना स्क्रू-ड्रायव्हर आता कानाला न लावता तो दातांत धरायचा. आवाज दातांतून हाडांत जायचा आणि हाडांतून कुठेतरी आत थोडं थोडं समजायचं. लोकांना वाटायचं, केसरीनाथने नवी विद्या काढली. खरी गोष्ट एकट्या बायकोला, सीताबाईला ठाऊक होती, कारण ती गेली चार वर्षं त्याला जेवायला हाक मारत नव्हती, समोर येऊन उभी राहत होती.

आणि अशात मास्तरांनी गाडी घ्यायची ठरवली.

मास्तर जूनमध्ये निवृत्त होणार होते. नव्या गाडीचा विचार त्यांनी मनाला शिवू दिला नाही. जुन्या दोन गाड्या नजरेत होत्या. एक होती भिवंडीतल्या डॉक्टरांची अँबॅसडर, चौऱ्याहत्तर सालची, दुधी रंगाची, ऐसपैस. दुसरी अंबाडीच्या नाक्यावरचे धान्याचे व्यापारी रामनाथशेठ यांची फियाट, अठ्ठ्याहत्तर सालची, गडद हिरवी, आटोपशीर. दुसरा कुणी असता तर चार जणांना विचारून मोकळा झाला असता. मास्तरांनी आलेखाचा कागद काढला.

त्या कागदावर आठ रकाने होते आणि प्रत्येकाला दहा गुण. माणसं किती मावतात, डिकीत सामान किती जातं, पेट्रोल किती पिते, आळीत वळते का, ओट्यासमोर उभी राहते का, माईंना म्हणजे मास्तरांच्या आईला चढता-उतरता येतं का, सुटे भाग मिळतात का आणि चढावर दम किती. अँबॅसडरमध्ये सहा जण पाय पसरून बसायचे. फियाटमध्ये चार जण मजेत आणि पाचवा तोंडदेखला. अँबॅसडरच्या डिकीत माईंचा अख्खा देव्हारा गेला असता. फियाटच्या डिकीत देव तेवढे गेले असते. माई अँबॅसडरमध्ये खुर्चीत बसावं तशा बसल्या आणि उतरल्या. फियाटमध्ये त्यांना आधी पाठ, मग डोकं, मग पाय असं हप्त्याहप्त्याने आत घ्यावं लागलं असतं. पण पेट्रोलचं नाव काढलं की अँबॅसडर खाली मान घालायची आणि आळीच्या वळणावर तर तिला तीनदा मागेपुढे करावं लागायचं. फियाट एका फटक्यात वळायची. शुभदावहिनींचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचा, जीव फियाटवर होता. त्यांना स्वतःला गाडी शिकायची होती आणि अँबॅसडरचं स्टिअरिंग बघूनच त्यांचे खांदे दुखायला लागले होते.

बेरीज झाली. सत्तावन्न आणि सत्तावन्न.

मास्तरांनी तीनदा ताळा पाहिला. वहिनी म्हणाल्या, "रंगाचा एक रकाना वाढवा, हिरवा जिंकेल." मास्तर म्हणाले, "रंग हा गुण नव्हे." मग त्यांनी कागदाच्या तळाशी एक रकाना आखला, त्याला एकदम वीस गुण ठेवले आणि वर लिहिलं: आवाज, केसरीनाथ.

हे वीस गुण केसरीनाथाच्या छातीवर येऊन बसले. गावातल्या पंढरी पाटलाच्या टेम्पोचं काही चुकलं असतं तर पंढरी चार शिव्या देऊन गप्प बसला असता. पण इथे मास्तर होते. तीस वर्षांच्या मैत्रीत मास्तरांनी त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलं तेही नेमकं जे त्याच्यापाशी उरलं नव्हतं. नाही म्हणावं तर का म्हणून सांगावं लागणार. सांगितलं तर भिवंडीभर व्हायला एक शिफ्ट पुरेशी होती, आणि बहिऱ्या जॉबरला कामावर कोण ठेवणार? तो म्हणाला, "येतो की मास्तर. त्यात काय हाय?"

परीक्षा दोन्ही गाड्यांची एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर व्हायला हवी, असा मास्तरांचा आग्रह. डॉक्टरांचे दोन्ही मुलगे मास्तरांच्या हाताखालून गेलेले, त्यांनी रविवारी सकाळी किल्ली बिनबोभाट दिली. मास्तर चालवायला, डावीकडच्या खिडकीपाशी केसरीनाथ, मागे शुभदावहिनी. अँबॅसडर अंबाडीच्या रस्त्याला लागली. पुढची सीट म्हणजे लांबलचक बाक, मास्तर आणि केसरीनाथ यांच्यामध्ये आणखी एक माणूस सहज बसला असता. मास्तर रंगात आले होते. रस्त्यावर नजर ठेवून ते सबंध वाट काही ना काही बोलत होते. केसरीनाथाला त्यांच्या तोंडाची एक बाजू तेवढी दिसत होती, तीही हलती. एका बाजूने ओठ वाचता येत नाहीत. बुडाखालून इंजिनाची घरघर येत होती, तळपाय सांगत होते की गाडी शांत आहे. पण मास्तरांचा एक शब्द कानात शिरत नव्हता. केसरीनाथ डोलत राहिला. दोनदा हसलासुद्धा, मास्तर हसले म्हणून.

अंबाडीला रामनाथशेठ दुकानाच्या पायरीवर वाटच पाहत होते. त्यांनी चहा पाजला आणि किल्ली हातात ठेवली. फियाटमध्ये बसले तेव्हा मास्तरांचा खांदा केसरीनाथाच्या खांद्याला लागला. गाडी निघाली, काचा वर होत्या, आणि नाका मागे पडल्यावर केसरीनाथाच्या उजव्या कानात कुणीतरी बोललं.

"कसं वाटतंय, केसरीनाथ?"

तो दचकला. मास्तरांनीच विचारलं होतं. तोंडाकडे न बघता ऐकू आलं होतं! पुढे मास्तर म्हणाले की आंबे यंदा मोहरलेत बघ, तेही ऐकू आलं. मग ते काहीतरी गुणगुणायला लागले, तेसुद्धा आलं. चार वर्षांत मास्तरांचा आवाज असा आला नव्हता. केसरीनाथाला रडू फुटायची वेळ आली. त्याने खिडकीबाहेर तोंड केलं आणि वारा लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

आणि इथेच घोळ झाला. केसरीनाथाला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा एक नियम होता: जिस मशीन पे आदमी की बात सुनाई दे, वो मशीन ठीक. चालत्या मागापाशी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू आलं तर माग नीट, नाही आलं तर कुठेतरी काहीतरी घासतंय. कान होता तोवर त्याने याच नियमावर माग दुरुस्त केले होते. मोठ्या गाडीत मास्तर ऐकू आले नाहीत, छोटीत आले. म्हणजे छोटीचं इंजिन निरोगी. हिशेब सरळ होता. आपण मास्तरांना खेटून बसलोय, म्हणून ऐकू येतंय, हे त्या आनंदात त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दुकानासमोर परत आल्यावर गाडी चालूच ठेवून मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. केसरीनाथाने रीत म्हणून खाली उतरून बॉनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरून टेकवला, मग बॉनेट पुन्हा लावलं.

"छोटी घ्या, मास्तर. डोले झाकून घ्या."

मास्तरांनी खिशातला कागद काढला, फियाटच्या रकान्यात वीस लिहिले आणि रामनाथशेठना म्हणाले, "उद्या सकाळी पहिल्या एसटीने येतो. नारळ काढून ठेवा."

तेव्हा मागच्या सीटवरून शुभदावहिनी पुढे वाकल्या आणि नवऱ्याला काही सांगू लागल्या. केसरीनाथ खिडकीशी उभा होता. त्याला त्यांचं बोट दिसलं. त्या सीटच्या पाठीवर बोटाने ठोकून दाखवत होत्या: टिक्, टिक्-टिक्, टिक्, टिक्-टिक्. जे ऐकू येत होतं तेच वाजवून दाखवत होत्या. इंजिन चालू होतं आणि त्या बोटाच्या प्रत्येक ठोक्याला इंजिनात एक आवाज होत होता, जो वहिनींना येत होता, बहुधा रामनाथशेठना येत होता, पायरीवर धान्य निवडणाऱ्या गड्यालाही येत असणार. फक्त भिवंडीतल्या सगळ्यात तरबेज कानाला येत नव्हता.

मास्तर बायकोला म्हणाले, "अगं, केसरीनाथने ऐकलंय ना? मग झालं."

केसरीनाथाच्या तोंडून शब्द निघून गेले, "त्ये काय न्हाय वैनी. गाडी थंड हाय अजून. गरम झाली की जातंय."

बॉनेट इतकं तापलं होतं की त्यावर पापड भाजला असता. पण केसरीनाथ म्हणतोय म्हटल्यावर सगळ्यांना गाडी थंड वाटली.

संध्याकाळी कोनला तो घरी आला तेव्हा सीताबाई अंगणात निवट्या साफ करत बसली होती. त्याने सगळं सांगितलं आणि स्वतःच वर वाद घातला, की बोट म्हणजे काही पुरावा नव्हे, बायकांना काय कळतं इंजिनातलं, टिकटिक सगळ्याच गाड्यांत असते. सीताबाईने मासळीतून मान वर केली नाही. शेवटी तो म्हणाला, "तू माज्या मागं ऱ्हा. थालीवर चमचा वाजव. मी मोजतो."

ती हात धुऊन उठली. तो तोंड फिरवून बसला, डोळे मिटले, सगळा जीव पाठीमागे नेला. बराच वेळ गेला.

"तीन," तो म्हणाला.

सीताबाई फिरून समोर आली. तिने दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग आणखी एक बोट. अकरा.

मग सीताबाई त्याच्या समोर, ओठ दिसतील अशी, सावकाश म्हणाली, "कानाचं नाव मोठं का मास्तर मोठा?"

"नाव गेलं त जॉबरकी जाल. मग खायाचं काय?"

"निवट्या हायेत की खारीत."

तो चिडून उठला, सायकल उगाच पुसली, आणि निजायच्या आधी बायकोला सांगितलं की पहाटे उठव, हाक मारू नको, हलव.

सोमवारी सकाळी कोनहून भिवंडी आणि भिवंडीहून अंबाडी गाठायची म्हणजे काय, हे ज्यांनी त्या काळची एसटी पाहिली त्यांनाच कळेल. केसरीनाथ नाक्यावर उतरला तेव्हा हिरव्या फियाटच्या बॉनेटवर शुभदावहिनींनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, मास्तर खिशातून पाकीट काढत होते आणि रामनाथशेठनी नारळ डोक्याच्या वर उचलला होता. मध्ये अख्खा रस्ता आणि त्यावर वाड्याकडे निघालेले ट्रक. केसरीनाथ अलीकडूनच ओरडला. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याला आपण किती मोठ्याने ओरडतोय ते कळत नाही.

"मास्तर! थांबा! मना ऐकू येत न्हाय!"

भाजीवाल्या, टपरीवाला, एसटीची वाट बघणारे, सगळ्यांनी वळून पाहिलं. चार वर्षं ज्याने बायकोखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं, त्याने ते एका दमात तालुक्याला सांगून टाकलं होतं. वर तो रस्ता ओलांडता ओलांडता तेवढ्याच आवाजात पुढचंही सांगत आला, "चार वर्सं झाली! मी खोटं बोललो! वैनीचं खरं हाय! टिकटिक हाय, मना येत न्हाय!"

रामनाथशेठनी नारळ खाली आणला. माणूस सरळ होता, त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, गोंधळ होता. "अहो, टिकटिक मला दोन महिने येते आहे," ते मास्तरांना म्हणाले. "कालच सांगणार होतो. पण केसरीनाथ बरी म्हणाला, तेव्हा मला वाटलं बरीच असेल. मी म्हटलं, आपलेच कान वाजत असतील."

यावर कुणी हसलं असतं. पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी केसरीनाथाचा दंड धरला, त्याला दुकानाच्या बाजूला नेलं आणि त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. मास्तरांना इतकं रागावलेलं केसरीनाथाने पाहिलं नव्हतं.

"काल येताना अँबॅसडरमध्ये मी तुला काय सांगितलं?"

"न्हाय म्हाईत, मास्तर."

"मान तर डोलवत होतास."

"तुमी बोलताय म्हनून डोलवत व्हतो."

"चार वर्षं," मास्तर म्हणाले. "चार वर्षं दर रविवारी मी ओटीवर बोलत बसतो. मला वाटतं समोर केसरीनाथ आहे. मी कोणाशी बोलत होतो रे?"

केसरीनाथाला हे शब्द ओठांवरून अक्षर न् अक्षर कळले. गाडी चुकीची सांगितली, याची त्याला लाज वाटली होती. आता त्याला दुःख झालं. तो म्हणाला, "ओटीवर तुमचं तोंड दिसतंय. निम्मं समजतंय. निम्म्याचं मी काईतरी लावून घेतो. पन रविवार सोरवत न्हाय मास्तर."

मग शांत झाल्यावर त्यांनी कालचं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द तोडून. "जूनमध्ये मी घरी बसणार. शाळेत पोरं असतात, दिवसभर बोलणं होतं. पुढे बोलायचं कोणाशी? माई झोपलेल्या असतात, शुभदाला तिची कामं. म्हणून गाडी घेतोय. रोज संध्याकाळी कोनला येईन म्हणतो तुझ्याकडे. गप्पा मारायला. हे सांगत होतो तुला काल."

केसरीनाथाने मान डोलवली नाही. त्याने खांद्यावरच्या टॉवेलमध्ये तोंड घातलं आणि भर नाक्यावर रडला.

तो रडत असताना शुभदावहिनींना काम सुचलं. त्या कामसू बाई. त्यांनी रामनाथशेठना गाडी चालू करायला लावली, बॉनेट उघडलं, कान जवळ नेला आणि केसरीनाथाला हाक न मारता हाताने खूण करून बोलावलं. "केसरीभाऊ, मला आवाज येतो, पण तो कशाचा ते कळत नाही. तुम्हाला कळतं, पण येत नाही. मी वाजवते, तुम्ही बघा." आणि बोटाने पत्र्यावर ठोका धरला. टिक्, टिक्-टिक्. टिक्, टिक्-टिक्.

केसरीनाथाने डोळे पुसले आणि बोटाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना, मागापुढचा भाव आला. "वैनी, आता रेस वाढवायला सांगतो. बोट थांबवू नका." रामनाथशेठनी रेस वाढवली. बोट जलद झालं, मग मध्येच एक ठोका चुकायला लागलं. केसरीनाथाने इंजिनाच्या एका जागी हात ठेवला आणि म्हणाला, "हिकडं हाय. व्हाल्व बसत न्हाय नीट. शेठ, इंजिन उघडायला लागंल. विकू नका अशी कुनाला."

रामनाथशेठनी ते मानलं, दुरुस्तीशिवाय विकायची नाही असं कबूल केलं, आणि काढलेला नारळ फुकट कशाला घालवायचा म्हणून तो पायरीवर फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. मास्तरांनी आलेखाचा कागद काढून फियाटचे वीस खोडले. वहिनींनी हिरव्या रंगाकडे एकदा शेवटचं पाहून घेतलं आणि पदराने स्वस्तिक पुसलं. दुपारी डॉक्टरांच्या दारात तीच तपासणी झाली. वहिनींचं बोट अँबॅसडरच्या बॉनेटवर एका लयीत, न अडखळता चाललं. अँबॅसडर ब्राह्मण आळीत आली, वळणावर तीनदा मागेपुढे करून.

अंबाडीची बातमी कारखान्यात पोचायला संध्याकाळ झाली नाही. दुसऱ्या दिवशी केसरीनाथ मनाची तयारी करून कारखान्याच्या शेठपुढे उभा राहिला. शेठने दोनदा 'क्या बोला?' म्हणून विचारलं, मग टेबलावर हात आपटून हसला. "अरे केसरी, इधर सुनाई किसको देता है?" आणि खरंच, त्या चोवीस मागांमध्ये धड ऐकू येणारा कोण होता? केसरीनाथाने चार वर्षं जे लपवलं ते लपवायला त्याने जगातली सगळ्यात चुकीची जागा निवडली होती. माग तो पुढेही हाताने तपासत राहिला. गाड्या तपासायच्या असल्या की मात्र दोन निरोप जायचे, एक कोनला आणि एक ब्राह्मण आळीत. फीसुद्धा वाढली: एक पान, दोन चहा.

जूनपासून मास्तर कोनला येऊ लागले. संध्याकाळी अँबॅसडर अंगणात लागायची, सीताबाई चहा टाकायची, दोघं समोरासमोर बाजेवर बसायचे. कधी हवा चांगली असली तर केसरीनाथ पुढच्या बाकावर डावीकडे बसायचा आणि गाडी कल्याणच्या रस्त्याने निघायची. आता तो लांबरुंद बाक तर काही आखूड होणार नव्हता आणि मास्तरांना बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. त्यांनी एक उपाय काढला. काही सांगायचं असलं की गाडी कडेला घ्यायची, थांबवायची, केसरीनाथाकडे वळायचं, सांगायचं. मग पुन्हा चालू. पाऊण मैल गेलं की आणखी काही आठवायचं. पुन्हा कडेला. रिक्षावाले हॉर्न मारत पुढे जायचे, ओळखीचे लोक हळहळायचे. भिवंडीत बोलवा झाली की मास्तर फसले, अँबॅसडर पार मोडकी निघाली, घटकेघटकेला बंद पडते, शेवटी बहिऱ्याच्या सल्ल्याने घेतलेली गाडी ती.

एकदा पंढरी पाटलाचा टेम्पो मागून आला. बॉनेट बंद, दोघं जण आत बसलेले, गाडी उभी. पंढरी उतरून केसरीनाथाच्या खिडकीशी आला आणि समोर तोंड करून, हातवारे करत म्हणाला, "काय रं केसरी, मगाधरनं तिसऱ्यांदा बगतोय. दोरीनं वढू का? बिघाड काय हाय?"

"बिघाड कसला?" केसरीनाथ म्हणाला. "मास्तर माज्याशी बोलतायत."